मध्ययुगीन वेशीचा बुरूज कसा पाहावा: बाहेरून आत, खालून वर

जुन्या शहराची वेस पाहायला जाणारे बहुतेक लोक तिच्याकडे पाठीमागून येतात. मुक्काम जुन्या शहरात, बाजारचौकही तिथलाच, त्यामुळे गल्लीतून चालता चालता बुरूज समोर येतो. फोटो काढायचा, तिकीट घेऊन वर जायचं, चारी दिशांना नजर टाकायची आणि खाली उतरायचं. अर्ध्या तासात सगळं उरकतं. पण ज्या बाजूसाठी एवढा खर्च करून ही इमारत उभी केली, ती बाजू पाहायची राहूनच जाते. वेस बांधली जायची ती बाहेरून येणाऱ्यासाठी. व्यापाऱ्यावर छाप पाडायची, मालावर जकात घ्यायची, फौज आली तर अडवायची आणि सूर्य मावळला की दार लावून घ्यायचं, ही तिची कामं.

म्हणून या लेखात सांगितलेला क्रम शक्यतो मोडू नका. आधी शहराबाहेर जायचं, मग कमानीखाली थांबायचं, मग वर चढायचं आणि शेवटी शहराच्या बाजूने मागे वळून बघायचं. दोन तास हाताशी ठेवा आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ जमिनीवरच घालवा. वरून दिसणारा देखावा कुठल्याही उंच इमारतीवरून मिळतो. दारातल्या दगडावरच्या खुणा फक्त दारातच असतात.

निघण्याआधी

पहिली चौकशी करायची ती आत जाता येतं का याची. वेशीच्या बुरुजांचे ढोबळ मानाने तीन प्रकार असतात. काहींमध्ये संग्रहालय असतं आणि ठरलेल्या वेळेत वरपर्यंत जाता येतं. काहींची फक्त कमान खुली असते आणि वरच्या खोल्यांना कुलूप. काहींमध्ये कार्यालय, उपाहारगृह किंवा एखाद्या संस्थेची जागा असते. पहिल्या प्रकारातही हिवाळ्यात वेळ कमी होते, एखादा वार बंद असतो आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी थांबतो. हे सगळं त्या बुरुजाच्या किंवा शहराच्या संग्रहालयांच्या अधिकृत पानावरच बघा. प्रवासाच्या इतर संकेतस्थळांवरच्या वेळा बऱ्याचदा जुन्या असतात. अनेक शहरांत दोन-तीन वास्तूंचं एकत्र तिकीट मिळतं. वेस, तट आणि एखादा बुरूज मिळून असेल तर तेच घ्यावं, कारण वेस एकटी कधीच नव्हती. ती तटाचा भाग होती.

दुसरी गोष्ट म्हणजे दिशा. नकाशावर बघा, वेशीचं बाहेरचं तोंड कुठल्या दिशेला आहे. पूर्वेकडे असेल तर सकाळी जा, पश्चिमेकडे असेल तर दुपारनंतर. पोलंडमधल्या क्राकूवच्या फ्लोरियन दरवाजासारखं तोंड उत्तरेला असेल तर दर्शनी भिंत दिवसाचा बराच वेळ सावलीतच राहते. तिथे उन्हाळ्यातली अगदी सकाळची किंवा संध्याकाळची तिरपी उन्हं गाठावी लागतात. हे फोटोसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त ते कोरीव काम आणि छिन्नीच्या खुणा दिसण्यासाठी आहे. डोक्यावरचं ऊन दगड सपाट करून टाकतं. तिरप्या उन्हात मात्र बुजवलेली खिडकी, तोफगोळ्याचा खड्डा, नंतर बसवलेला दगड, सगळं उठून दिसतं.

तिसरी गोष्ट, शहराचा जुना नकाशा. नसेल तर आजचा नकाशाही चालतो, फक्त वाचता आला पाहिजे. युरोपातल्या कितीतरी शहरांत तट पाडून त्या जागी बागेचा पट्टा किंवा रुंद रस्ता केला. क्राकूवच्या जुन्या शहराभोवती असलेली प्लांटी नावाची बाग म्हणजे पाडलेल्या तटाची आणि बुजवलेल्या खंदकाची जागा. असा वळसा घेणारा हिरवा पट्टा किंवा रस्ता सापडला की वेशी कुठे होत्या हे आपोआप कळतं: आतून येणारे मोठे रस्ते जिथे त्या वळशाला मिळतात तिथे.

बरोबर फार काही लागत नाही. घट्ट पकड असलेले बूट, छोटी दुर्बीण (ढालचिन्हं आणि पुतळे वीस-पंचवीस फुटांवर असतात), लहान टॉर्च आणि पाठीवरची छोटी सॅक. खांद्याला लटकणारी मोठी पिशवी गोल जिन्यात भिंतीला घासते आणि मागच्याच्या तोंडावर आदळते, तेव्हा ती खालीच ठेवा.

बाहेरून: पहिलं दर्शन

कमानीखालून थेट बाहेर पडा, मागे न बघता पुढे जा आणि शंभर-दीडशे पावलांवर वळा. गाडी-घोड्यावरून आलेल्या माणसाला ही इमारत जशी दिसायची तशी आता तुम्हाला दिसते आहे.

सगळ्यात आधी पायाखालची जमीन बघा. वेशीपुढे बहुधा खंदक असायचा. आज तो बुजवलेला असेल, पण जमिनीला हलका उतार, रस्त्यात एखादा बिनकामाचा वाटणारा पूल, किंवा वेशीच्या दोन्ही अंगांना खोलगट बाग दिसली तर खंदक तिथेच होता. मग कमानीच्या वरच्या भागाकडे नजर न्या. दोन उभ्या लांबट खाचा किंवा कमानीभोवती चौकोनी आत गेलेली चौकट दिसली तर तिथे उचलायचा पूल होता: पूल वर उचलला की फळ्यांचा तो पाट त्या चौकटीत बसायचा आणि दारावर दुसरं दार तयार व्हायचं.

यानंतर भिंतीतल्या जंग्या (मारा करायच्या फटी) मोजू नका, त्यांचे आकार बघा. उभी अरुंद फट असेल तर ती धनुष्यासाठी. तळाशी गोल भोक आणि वर फट, म्हणजे किल्लीच्या भोकासारखा आकार असेल, तर तिथे बंदूक किंवा छोटी तोफ लावायची सोय होती. इंग्लंडमधल्या कँटरबरीचा वेस्टगेट साधारण 1380 च्या सुमाराचा आहे आणि त्याच्या गोल बुरुजांवर या किल्लीच्या भोकाच्या जंग्या स्पष्ट दिसतात. तोफ तेव्हा नवीन होती. फ्रान्सकडून हल्ल्याची भीती होती, म्हणून जुन्या जागी नवा, तोफेचा विचार केलेला दरवाजा बांधला गेला. म्हणजे नुसत्या भोकांच्या आकारावरून बांधकामाचा काळ आणि भीतीचं कारण, दोन्हींचा अंदाज बांधता येतो. इतकं सांगणारी खूण दर्शनी भिंतीवर दुसरी क्वचितच असते.

दारापुढे आणखी एक आडोशाची भिंत, जिभी (दार झाकणारी पुढची भिंत) किंवा गोल बांधकाम उरलं असेल तर तुमचं नशीब चांगलं. रहदारीला अडचण म्हणून बहुतेक ठिकाणी हेच आधी पाडलं गेलं. इंग्लंडमधल्या यॉर्कला चार मुख्य वेशी (तिथे वेशीला ‘बार’ म्हणतात) अजून उभ्या आहेत, पण पुढचं आडोशाचं बांधकाम फक्त वॉल्मगेट बारपुढे शिल्लक आहे: दोन समांतर भिंती आणि मधे अरुंद बोळ. त्या बोळात शिरा आणि थांबून वर बघा. पुढचं दार बंद, मागचं दार बंद आणि दोन्ही भिंतींवर माणसं, अशी कल्पना केली की या बांधकामाचा हेतू वेगळा सांगावा लागत नाही. क्राकूवला फ्लोरियन दरवाजापुढे 1498-99 मध्ये बांधलेला गोल बार्बिकन, म्हणजे दाराच्या रक्षणासाठी पुढे केलेलं बांधकाम, आहे. त्याच्या भिंती तीन मीटरहून जाड आहेत आणि त्यात 130 जंग्या आहेत. एकेकाळी तो झाकलेल्या वाटेने दरवाजाला जोडलेला होता. आज मधे मोकळी जागा आहे, त्यामुळे लोक त्या दोन वेगळ्या वास्तू समजून वेगवेगळ्या बघतात. तसं करू नका. बार्बिकनमधून निघून त्याच रेषेत दरवाजात शिरा.

आता दुर्बीण काढा. दाराच्या वर शहराचं किंवा राजाचं ढालचिन्ह, एखादा संत, एखादा लेख असतो. लढाईच्या खुणाही इथेच शोधायच्या. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या क्वार्ट बुरुजांवर 1808 साली फ्रेंच फौजेने केलेल्या माऱ्याचे खड्डे तसेच ठेवले आहेत. ते बुजवले नाहीत हे फार बरं केलं. गुळगुळीत केलेल्या भिंतीपेक्षा ती खड्ड्यांची भिंत कितीतरी जास्त बोलते.

वेशीवर मुंडकी टांगण्याची प्रथाही बाहेरून येणाऱ्याला धाक बसावा म्हणूनच होती. यॉर्कच्या मिकलगेट बारवर 1460 साली वेकफिल्डच्या लढाईनंतर ड्यूक ऑफ यॉर्क रिचर्डचं मस्तक लावलं होतं. प्रागच्या चार्ल्स पुलाच्या जुन्या शहराकडल्या बुरुजावर 1621 साली देहदंड दिलेल्या 27 जणांपैकी 12 जणांची मुंडकी लोखंडी टोपल्यांत घालून लटकवली आणि ती जवळजवळ दहा वर्षं तिथेच होती. कैरोच्या बाब झुवेलावर 1517 मध्ये शेवटचा मामलुक सुलतान तुमानबाय याला फासावर दिलं. मुलं बरोबर असतील तर हे किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझा अनुभव असा की मुलांना यात सगळ्यात जास्त रस असतो.

कमानीखाली: इथे घाई नको

सगळे जण या वीस पावलांच्या बोगद्यातून फोन बघत निघून जातात. वेशीचं खरं यंत्र मात्र इथेच असतं.

आधी सुरक्षिततेचं. अनेक वेशींखालून आजही वाहनं जातात. यॉर्कच्या मंक बारखालून रोज गाड्या ये-जा करतात. वर बघत मागे सरकू नका. पादचाऱ्यांसाठी बाजूला काढलेल्या छोट्या कमानीत उभं राहून मुख्य कमान बघा.

आता दोन्ही बाजूंच्या भिंतींना समोरासमोर उभी खाच शोधा. चार-सहा बोटं रुंद, जमिनीपासून थेट छतात शिरणारी. ही वरून खाली पडणाऱ्या लोखंडी-लाकडी जाळीची, म्हणजे पोर्टकलिसची, खाच. टॉर्च तिरपा धरून आत प्रकाश टाकला तर जाळी वर-खाली होताना दगड घासला गेला आहे का ते दिसतं. धार अगदी कोरी असेल तर तो दगड बहुधा नंतर बसवलेला आहे. छताकडे पाहिलं तर त्याच रेषेत लांब चीर दिसते, जाळी तिथून उतरायची. वॉल्मगेट आणि मंक बारमध्ये जाळी अजून जागेवर आहे आणि खाली उभं राहिलं की तिची टोकं डोक्यावर दिसतात.

खाचेच्या मागे-पुढे दाराच्या जागा. भिंतीतून बाहेर आलेले लोखंडी आकडे बिजागऱ्यांचे असतात. आकडे नसतील तर जमिनीलगत दगडात गोल खळगा बघा, दाराचा कणा त्यात फिरायचा. थोडं वर, छातीच्या उंचीवर, एका बाजूला उथळ चौकोनी भोक आणि समोरच्या बाजूला हात कोपरापर्यंत जाईल इतकं खोल भोक असेल. ती अडसराची जागा. दार उघडं असताना जाडजूड वासा खोल भोकात सरकवून ठेवायचा आणि दार लावलं की ओढून समोरच्या भोकात बसवायचा. लहान मुलांना ही जोडी शोधायला लावा, मोठ्यांच्या आधी सापडते. (हात मात्र घालू नका. कबुतरं, कोळी आणि कचरा यापलीकडे आत काही मिळत नाही.)

दोन्ही बाजूंना बसायचे दगडी कट्टे किंवा कोनाडे दिसले तर त्या पहारेकऱ्यांच्या देवड्या. जकातही इथेच घेतली जायची. कोपऱ्यांत जमिनीलगत गोलसर दगड रोवलेले असतील तर ते गाडीच्या चाकांनी भिंत खरवडू नये म्हणून. भिंतीवर कमरेच्या उंचीला आडवे ओरखडे दिसले तर ते गाड्यांच्या तुंब्यांचे (चाकाच्या मधल्या भागाचे) असू शकतात.

छतातल्या चौकोनी किंवा गोल भोकांबद्दल मात्र सांभाळून. कुणीतरी हमखास सांगेल की इथून उकळतं तेल ओतायचे. तेल महाग होतं आणि वेढ्यात तर अन्न म्हणूनच जपलं जायचं. दगड, गरम पाणी, तापवलेली वाळू टाकणं कितीतरी सोपं. शिवाय वेशीचं दार लाकडाचं, आणि शत्रूचं पहिलं काम त्याला आग लावणं, त्यामुळे वरून पाणी ओतून आग विझवायलाही ही भोकं हवीच होती. भिंतीबाहेर काढलेल्या पोकळ सज्ज्यांचंही तसंच: तळाला भोकं असलेला सज्जा दाराच्या थेट वर असतो, कारण दाराशी आलेला माणूस जंग्यांतून दिसत नाही.

जिना

वेशीतले जिने बहुतेक गोल, अरुंद आणि मधेच पायरीची उंची बदलणारे. चढताना रुंद बाजूने, म्हणजे बाहेरच्या भिंतीकडून चढा. उतरणारा समोर आला तर लहान कोनाड्यात किंवा मजल्याच्या दाराशी थांबून त्याला जाऊ द्या. पायरीच्या टोकाला उभं राहून वाट देऊ नका, तिथे पाऊल टेकायला जागा नसते. उतरताना दोर किंवा कठडा धरा. पायऱ्यांचा मधला भाग शेकडो वर्षांत झिजून खोलगट झालेला असतो आणि पावसाळी हवेत तो दगड तेलकट वाटावा इतका निसरडा होतो. दारं ठेंगणी असतात. उंच माणसांनी चढताना डोकं सांभाळावंच, उतरताना जास्त सांभाळावं, कारण तेव्हा लक्ष पायांकडे असतं.

गुडघ्याचा त्रास, चक्कर किंवा बंद जागेची भीती असेल तर वर न गेल्याने फार काही बुडत नाही. लिफ्ट अशा वास्तूंत क्वचितच असते. सोबतच्यांना वर पाठवा आणि बाहेरची बाजू पुन्हा निवांत बघा.

आणि हो, जिना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वर जातो तो उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या बचाव करणाऱ्याच्या सोयीसाठी, ही गोष्ट तुम्ही ऐकालच. ऐकायला छान आहे. पण तिला मध्ययुगातला ठोस लेखी पुरावा मिळत नाही आणि उलट्या दिशेने फिरणारे जिनेही भरपूर आहेत. गाइडशी वाद घालत बसू नका, फक्त ती पक्की माहिती म्हणून पुढे सांगू नका.

वरच्या खोल्या

कमानीच्या थेट वरची खोली सगळ्यात महत्त्वाची. पोर्टकलिस ओढून घ्यायचा रहाट इथे असायचा. जमिनीत ती चीर आणि भोकं वरून दिसतात, काही ठिकाणी त्यावर काच टाकलेली असते. त्यातून खाली चाललेल्या लोकांची डोकी बघा. पहारेकऱ्याला हेच दिसायचं. भिंतीत शेकोटी, एखादा बसायचा दगड, कोपऱ्यात भोक असलेली बाहेर काढलेली छोटी जागा (शौचकूप, दुसरं काही नाही) यावरून इथे माणसं रात्र-रात्र राहत होती हे कळतं.

बऱ्याच बुरुजांत तुम्हाला तुरुंग दिसेल, आणि हा योगायोग नाही. तोफा सुधारल्या तशा उंच वेशी युद्धाच्या कामाच्या उरल्या नाहीत. मग ज्यांना दुसरं काम मिळालं त्या वाचल्या. व्हॅलेन्सियाचे सेरानोस बुरूज 1586 पासून 1887 पर्यंत सरदार-दरकदारांचा तुरुंग होते. स्पेनच्या यादवी युद्धात प्राडो संग्रहालयातली चित्रं तिथे सुरक्षित ठेवली होती. प्रागच्या पावडर टॉवरमध्ये सतराव्या शतकात दारूगोळा साठवला, नावही तेच चिकटलं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या झिटग्लोग्गे बुरुजाची कथा मला सगळ्यात आवडते. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ती शहराची पश्चिम वेस होती. शहर पश्चिमेकडे वाढलं, 1256 मध्ये पुढे नवी वेस झाली आणि ही मधेच राहिली. मग तुरुंग झाली आणि अखेर घड्याळाचा बुरूज. कास्पर ब्रुनरने 1530 मध्ये पुरं केलेलं खगोलीय घड्याळ आजही तिथे चालतं. त्याच शहरात त्याच्याही पुढे, चौदाव्या शतकात, ख्रिस्तोफेल टॉवर नावाची तिसरी वेस बांधली गेली. ती 1865 मध्ये पाडली, आणि तिचं भवितव्य ठरवणारं मतदान होतं 415 विरुद्ध 411.

याच्या उलट जर्मनीतलं ल्युबेक. तिथल्या होल्स्टेंटोर या वेशीच्या दरवाजाला पाडायचं की नाही यावर 1863 मध्ये नगरसभेत मतं पडली आणि एका मताने तो वाचला. क्राकूवच्या फ्लोरियन दरवाजासाठी फेलिक्स रादवान्स्की या प्राध्यापक-सिनेटरने असा मुद्दा मांडला की तट आणि वेस पाडली तर उत्तरेचा बोचरा वारा थेट बाजारचौकात घुसेल. इतिहासाच्या नावाने कुणी ऐकलं नसतं, वाऱ्याच्या नावाने ऐकलं! म्हणून वरच्या खोल्यांत फलक वाचताना एक प्रश्न मनात धरा: ही का उरली? बांधकामाची तारीख प्रत्येक फलकावर असते. उरण्याचं कारण शोधावं लागतं आणि शहराबद्दल तेच जास्त सांगतं.

माथ्यावर

फोन गळ्यात अडकवा, टोपी खिशात घाला. चर्यांच्या (माथ्यावरच्या दातेरी कठड्याच्या) मधून वाकून बघू नका. त्या कमरेइतक्याच असतात आणि दगड सैल असू शकतो.

आधी बाहेरच्या दिशेला बघा आणि खंदकाची, बागेची, वळशाच्या रस्त्याची रेषा नजरेने दोन्हीकडे पुढे न्या. दुसरी वेस, तटाचा तुकडा, कोपऱ्यातला बुरूज सापडेल. मग आत वळा. वेशीतून निघालेला रस्ता कुठे जातो? फ्लोरियन दरवाजापासूनचा रस्ता थेट मुख्य बाजारचौकात उतरतो, आणि राजांच्या मिरवणुकीचा मार्ग तोच होता. कैरोत बाब झुवेलावर गेलात तर एक गंमत आहे: 1092 च्या त्या फातिमी वेशीच्या जोडबुरुजांवर पंधराव्या शतकात शेजारच्या अल-मुअय्यद मशिदीचे मिनार चढवले आहेत. पाया एका राजवटीचा, माथा दुसरीचा. तटावरची फांजी (चालायची वाट) खुली असेल तर याच उंचीवरून पुढच्या वेशीपर्यंत चालत जा. यॉर्कला हे सहज जमतं.

शहराच्या बाजूने

खाली उतरल्यावर आता शहरात शिरा, पन्नास पावलं चाला आणि वळा. बाहेरची बाजू ताजी असतानाच ही बघायची, म्हणूनच हा भाग शेवटी ठेवला.

फरक डोळ्यांत भरतो. होल्स्टेंटोर 1464 ते 1478 मध्ये बांधला. त्याच्या बाहेरच्या भिंती साडेतीन मीटर जाड, खिडक्या मोजक्या, जंग्या भरपूर. शहराकडची भिंत एक मीटरही जाड नाही आणि तिच्यात खिडक्यांच्या रांगाच्या रांगा. आपल्याच लोकांकडून गोळा येणार नाही, मग विटा कशाला वाया घालवायच्या? जवळ गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसते: दोन्ही बुरूज सरळ नाहीत. दलदलीच्या जमिनीत वजन असमान बसलं, दक्षिणेकडला बुरूज तर चांगलाच कलला आहे आणि सगळ्यात खालच्या जंग्या जमिनीखाली गेल्या आहेत. 1930 च्या दशकात पायाला काँक्रीट घालून ते खचणं थांबवलं. ही वास्तू ठेंगणी का वाटते याचं उत्तर तिच्या पायाशीच आहे. इतर वेशींतही, जंगी गुडघ्याच्या उंचीला किंवा कमान विनाकारण बुटकी दिसली, तर रस्ता वर आला आहे असं समजायला हरकत नाही.

सेरानोस बुरूज 1392 ते 1398 मध्ये पेरे बालागेरने बांधले. बाहेरून बेलाग भिंत, आणि शहराच्या बाजूला चक्क भिंतच नाही: मजले, कमानी, जिने सगळं उघडं. कुणी बुरूज बळकावला तरी शहरावर मारा करत आत दडून बसता येऊ नये, हा त्यातला हिशेब. वॉल्मगेट बारला बाहेरून दगडी बोळ, तर आतल्या बाजूला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं लाकडी चौकटीचं घर, खांबांवर टेकलेलं. बाहेर युद्ध, आत बिऱ्हाड.

प्रागचा पुलाचा बुरूज वेगळं वळण घेतो. तिथे शहराकडच्या बाजूला संत विटस, चौथा चार्ल्स आणि चौथा व्हेंत्सेस्लाव यांचे पुतळे आहेत, तर पुलाकडची बाजू बरीच उघडी. ती पहिल्यापासून अशी नव्हती. 1648 मध्ये स्वीडिश फौजेने पलीकडच्या तीरावरून केलेल्या हल्ल्यात तिथलं कोरीव काम गेलं. म्हणून साधी भिंत दिसली की लगेच ‘मुळातच साधी’ असं लिहून टाकू नका.

किती जुनं, किती नवं

वेस मध्ययुगीन असली तरी समोर दिसणारा दगड बहुधा तितका जुना नसतो. एकोणिसाव्या शतकात वेशींची दुरुस्ती करताना वास्तुविशारदांनी आपल्या कल्पनेतलं मध्ययुग भरपूर ओतलं. पावडर टॉवरची सुरुवात 1475 ची, पण तो उंच छपराचा डौल आणि बराचसा पुतळ्यांचा साज योसेफ मॉकरने 1875 ते 1886 या काळात चढवला. फ्रान्समधल्या कार्कासोनच्या नार्बोनेज दरवाजावरची टोकदार पाटीच्या दगडाची छपरं वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकच्या जीर्णोद्धारातली, आणि ती तिथल्या प्रदेशाला शोभत नाहीत म्हणून तेव्हापासून टीका होत आली आहे. होल्स्टेंटोरवर शहराच्या बाजूला 1477 आणि 1871 असे दोन आकडे आहेत, दुसरा जीर्णोद्धाराचा.

ओळखायचं कसं? नव्या दगडाच्या कडा तीक्ष्ण, रंग एकसारखा, छिन्नीच्या रेघा समांतर. जुना दगड कडांना गोल, सांध्यातला चुना ओबडधोबड. ढालचिन्हं फार सुबक आणि पुतळ्यांची नाकं शाबूत असतील तर संशय घ्यावा. नवं म्हणजे खोटं असं नाही, पावडर टॉवरचं छप्पर तर मला मनापासून आवडतं. फक्त कुठला भाग कुठल्या शतकाचा हे कळलं की बघण्यात मजा येते.

दार बंद असेल तर

आतला भाग दुरुस्तीसाठी बंद असणं नेहमीचं आहे. तरी हिरमुसून परत फिरू नका. बाहेरची बाजू, कमानीचा बोगदा आणि शहराची बाजू या तिन्हींना तिकीट लागत नाही आणि या लेखातल्या बहुतेक खुणा तिथेच आहेत. उरलेला वेळ त्याच शहराची दुसरी वेस शोधण्यात घालवा. कमी प्रसिद्ध वेशीची दुरुस्ती सहसा कमी झालेली असते, गर्दी नसते, आणि अडसराची भोकं शोधत तुम्ही भिंतीशी वाकलात तरी कुणी विचारत नाही. पाडलेल्या वेशींच्या जागाही बघण्यासारख्या असतात: रस्त्याच्या नावात वेस उरते, फरसबंदीत वेगळ्या रंगाच्या दगडांनी तिची आखणी केलेली असते, आणि बर्नला तर रेल्वे स्थानकाच्या भुयारी मार्गात ख्रिस्तोफेल टॉवरचे अवशेष मांडून ठेवले आहेत. गाडीला वेळ असेल तर तेवढं खाली उतरून बघून या.